न विचारता घेतलेला जामीन

२०१४ च्या एप्रिलअखेरीस मी आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेला गेलो. निमित्त होते पुतणीच्या पदवीदान समारंभाचे. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. एडिसन कुठे आहे हे मराठी घरांत सांगावे लागत नाही. कुणाचा ना कुणाचा कोणीतरी तिथे असतोच. त्याची मुलगी जवळच्याच रट्गर्स विद्यापीठात शिकत होती. "दादा, आई-बाबा असते तर त्यांना आणलं असतं. आता त्यांच्या जागी तूच," असे तो फोनवर म्हणाला आणि तिकीटही त्यानेच काढले. बाकरवडी, मेतकूट आणि आईच्या मोत्यांच्या कुड्या बॅगेत टाकून मी निघालो. त्या कुड्या पुतणीने समारंभात घालायच्या, हे मी विमानातच ठरवून टाकले होते.

घरात शिरल्यावर दहा मिनिटांत कळले, की इथे काहीतरी बिनसले आहे. बाप-लेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "काका, बाबांना विचारा, गाडी हवी आहे का त्यांना." "दादा, तिला सांग, किल्ली टेबलावर आहे." भावजय चहा देताना हळूच म्हणाली, "भाऊजी, जेवताना तेवढा समारंभाचा विषय काढू नका."

आता समारंभासाठीच सातासमुद्रांपार आलेल्या माणसाने दुसरा कुठला विषय काढायचा?

समारंभाच्या प्रमुख पाहुण्या होत्या कॉन्डोलिझा राइस. धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत आधी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आणि २००५ ते २००९ परराष्ट्रमंत्री. त्या पदावर बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. विद्यापीठ त्यांना मानद डॉक्टरेट देणार होते आणि भाषणाचे ३५ हजार डॉलर. माझ्यातला जुना बँकवाला लगेच हिशेब करून बसला. तेव्हाच्या साठ रुपयांच्या भावाने एकवीस लाख!

पण तिथल्या प्राध्यापकांच्या परिषदेने हे निमंत्रण मागे घ्या, असा ठराव केला होता. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत असे सांगून २००३ साली युद्ध सुरू झाले आणि ती शस्त्रे कधी सापडलीच नाहीत. ते युद्ध लोकांच्या गळी उतरवण्यात राइस पुढे होत्या, कैद्यांच्या छळाला मंजुरी देण्यातही त्यांचा सहभाग होता, असा आक्षेप होता. मी पोहोचलो त्याच सुमारास पन्नासेक विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कचेरीत ठिय्या दिला. पुतणी आत बसलेल्यांत नव्हती. ती बाहेर फलक धरून उभी होती, आणि कुणीतरी तिचा फोटो काढून तिच्या बापाला पाठवला होता.

विषय काढला नाही तरी पहिल्याच रात्री जेवताना तो निघालाच.

"दोन सूटकेस घेऊन आलो होतो मी ह्या देशात," भाऊ म्हणाला. "ज्या बाईबरोबर फोटो काढायला जगातले राजे उभे राहतात, ती बाई माझ्या मुलीच्या समारंभाला येतेय. आणि ही तिला 'येऊ नका' म्हणून बोर्ड घेऊन उन्हात उभी!"

"बाबा, त्यांनी बोलू नये असं मी म्हणतच नाहीये," पुतणी म्हणाली. तिचे मराठी घरातले, त्यामुळे आमच्या आईच्या वळणाचे. "वर्षभर कधीही या म्हणावं. आम्ही प्रश्न विचारू, त्या उत्तरं देतील. पण ह्या दिवशी प्रश्न विचारता येत नाही. ह्या दिवशी आम्ही झगा घालून फक्त टाळ्या वाजवायच्या. आणि डॉक्टरेट द्यायची त्यांना. आम्हाला विचारलं का कुणी?"

मग एकदम माझ्याकडे वळून तिने विचारले, "काका, तुम्ही कधी असे उठून गेलात का हो? एखाद्या समारंभातून?"

मी हसण्यावारी नेले. "अगं, आम्ही सरकारी बँकेतली माणसं. साहेब आला की उठून उभं राहायचं, एवढंच उठणं आम्हाला ठाऊक." सगळे हसले, भाऊसुद्धा. जेवण गोडीत पार पडले. पण वेळेच्या फरकाने झोप उडालेली असते, अशा वेळी असले प्रश्न उशाशी येऊन बसतात.

१९८६ चा सुमार असेल. एका तालुक्याच्या गावी मी शाखेत नवा नवा अधिकारी होतो. ते कर्जमेळाव्यांचे दिवस होते. मोठे पाहुणे येणार म्हणून आम्ही दोन रात्री जागून अर्ज भरले होते. लाभार्थींच्या याद्या वरून आल्या होत्या. कुणाला म्हैस, कुणाला शिलाई मशीन, कुणाला बैलजोडी. ज्याला म्हैस मंजूर झाली त्याच्या दारात वैरणीची काडी नाही, हे मी स्वतः जाऊन पाहिलेले होते. तसे कागदावर लिहिलेही होते. तो कागद कुठल्या फायलीत गेला, देव जाणे.

पाहुणे दोन तास उशिरा आले. भाषणात म्हणाले, या बँकवाल्यांनी आजवर गरिबाला दारात उभे केले नाही, आज मी त्यांच्या तिजोरीचे कुलूप उघडले आहे! मांडवात टाळ्यांचा कडकडाट. पाहुण्यांच्या मागे ओळीने खुर्च्या मांडून, टाय लावून आम्ही पाच अधिकारी बसलो होतो. आम्हीही टाळ्या वाजवल्या. इतरांचे सोडा, मी वाजवल्या. मग चेक माझ्या हातून पाहुण्यांच्या हातात आणि त्यांच्या हातून एकेकाच्या हातात. एक म्हातारी चेक घेऊन पुढे जाता जाता थांबली. मला म्हणाली, "साहेब, ह्ये परत द्यायाचं हाय का न्हाय?" पाहुणे हसून मध्येच म्हणाले, "आजी, ते बघू पुढं." फोटोग्राफरने फोटो काढला. मी काही बोललो नाही.

दोन वर्षांनी त्या म्हातारीला वसुलीची नोटीस गेली. खाली सही माझी होती.

त्या रात्री एडिसनच्या त्या उबदार खोलीत पडल्या पडल्या मला पुतणीचे म्हणणे नीट कळले. बँकेत आम्ही कर्ज देताना जामीनदार घेत असू. जामीनदार काय करतो? स्वतः काही मागत नाही. फक्त सही करून सांगतो, की हा माणूस भला आहे, मी त्याला ओळखतो. समारंभाच्या मंचाचेही तसेच असते. पाहुण्याच्या मागेपुढे जे कोणी टापटीप कपड्यांत बसलेले असतात, ते नुसते श्रोते नसतात, ते जामीनदार असतात. कर्जमेळाव्यात माझ्या टायचा उपयोग तेवढाच होता. आणि झगा-टोपी घातलेल्या हजारो मुलामुलींचा उपयोगही, मानद डॉक्टरेट देण्यापुरता, तेवढाच असतो. त्यांच्या साक्षीने विद्यापीठ सांगते, की ही व्यक्ती आम्हाला आदर्श वाटते. फरक इतकाच, की बँक जामीनदाराची सही तरी घेते.

आपल्याकडे या समारंभाला दीक्षान्त म्हणतात, दीक्षेचा शेवट. अमेरिकेत त्यालाच 'कमेन्समेंट' म्हणतात, म्हणजे आरंभ. आपल्याकडे व्यासपीठावर राज्यपाल असतात ते बहुधा कुलपती या नात्याने, पदसिद्ध. त्यांना निवडण्याचा प्रश्नच येत नाही. आणि आपल्यातल्या बहुतेकांनी पदवी घेतली ती व्यासपीठावर नव्हे, तर खिडकीवर. माझे बी.कॉम.चे भेंडोळे मला एका कारकुनाने पावती बघून दिले होते, आणि वर 'सुटे पैसे आणत जा' असे बजावले होते. अमेरिकेत मात्र वक्ता कोण येणार याची वर्षभर चर्चा चालते. आई-बाप हजारो मैलांवरून येतात. वक्ता पंधरा-वीस मिनिटे बोलतो आणि ते भाषण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. त्यात प्रश्नोत्तरे नसतात. म्हणूनच तिथे हा दिवस भांडणाचा होतो.

३ मे रोजी बातमी आली. राइस यांनी स्वतःहून माघार घेतली होती. पदवीदान हा घराघरांच्या आनंदाचा सोहळा असतो, आपल्यामुळे त्याला गालबोट लागू नये, अशा अर्थाचे त्यांचे निवेदन होते. भावाने टीव्ही बंद केला, समारंभासाठी आणलेली नवी लेन्स डब्यात घालून ठेवली आणि गवत कापायला निघून गेला. पुतणीचा फोन दिवसभर वाजत होता.

रात्री ती मागच्या ओट्यावर एकटीच बसलेली दिसली. मी शेजारी जाऊन बसलो.

"काय गं? जिंकलात ना?"

"हो. पण काका, जिंकल्यासारखं वाटत नाहीये." थोडा वेळ थांबून म्हणाली, "मी ठरवलं होतं. त्या बोलायला उभ्या राहिल्या, की आम्ही सगळ्यांनी उठून पाठ फिरवून उभं राहायचं. शेवटपर्यंत. एक शब्द न बोलता. मी आरशासमोर उभी राहून बघितलं होतं, किती वेळ जमतं ते. आता पाठ कुणाकडे फिरवू?"

त्या वर्षीचा मे महिना अमेरिकेत असाच गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये स्मिथ हे मुलींचे नामवंत महाविद्यालय आहे. तिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्ड येणार होत्या. निधीच्या धोरणांनी गरीब देश भरडले जातात, असा अर्ज काही मुलींनी केला. चारशेहून अधिक सह्या झाल्या आणि लगार्ड यांनी माघार घेतली. ही बातमी वाचताना माझे मन दोन्हीकडे ओढले गेले. जुलै १९९१ मध्ये आपल्या देशाचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले गेले, तेव्हा मी बँकेत होतो. सोने तारण ठेवायला आलेल्या बाईचा चेहरा मी शाखेत रोज पाहत होतो. त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांचे चेहरे तसेच झाले होते. पाठोपाठ नाणेनिधीचे कर्ज आले आणि कर्जाबरोबर अटी. त्या अटींनी देशाचे भले झाले की वाईट, यावर आमच्या कँटीनमध्ये वर्षानुवर्षे भांडणे चालली. त्यामुळे स्मिथच्या मुलींचा राग मला परका वाटला नाही. पण तेवढ्याच तळमळीने वाटले, की ती बाई यायला हवी होती. लगार्ड तेव्हा निधीत नव्हत्या हे खरे. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला समोर बघायचे, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग ठरवायचे, ही संधी त्या मुलींच्या हातून गेली.

पेन्सिल्व्हेनियातल्या हॅव्हरफर्ड महाविद्यालयात रॉबर्ट बर्जेनो येणार होते. ते बर्कलीचे कुलगुरू असताना २०११ साली निदर्शक विद्यार्थ्यांवर पोलिसांनी दंडुके चालवले होते. काही विद्यार्थी व प्राध्यापकांनी पत्र लिहून त्यांच्यापुढे नऊ अटी ठेवल्या. तेही आले नाहीत. त्याच समारंभात प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी, तुम्ही अपरिपक्वपणा आणि उद्धटपणा केलात, असे विद्यार्थ्यांना सुनावले. आणि विद्यार्थ्यांना तुटक उत्तर देऊन मोकळे झालेल्या बर्जेनो यांचेही चुकलेच, असेही सांगितले. बोवेन यांनी एक जुनी आठवण काढली. निक्सन यांच्या मंत्रिमंडळातले जॉर्ज शुल्ट्झ यांना प्रिन्स्टनने मानद पदवी दिली, तेव्हा विरोध असलेले विद्यार्थी उभे राहिले, पाठ फिरवली, पण समारंभात आवाज केला नाही. म्हणजे माझ्या पुतणीने आरशासमोर जी तालीम केली होती, तीच.

मला वाटते, जामिनाचा न्याय इथेही लागू होतो. जामीनदाराला आपली सही काढून घेण्याचा हक्क आहे. तो त्याने वापरावा. आम्ही वापरला नाही, त्याची फळे दुसऱ्यांनी भोगली. पण अर्जदाराचा अर्ज न ऐकताच फाडून टाकण्याचा हक्क जामीनदाराला नसतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला कदाचित ऐकायचे असेल.

हे दोन्ही कसे साधते, याचे उदाहरण अमेरिकेतल्याच वेल्स्ली महाविद्यालयाने दोनदा घालून दिले आहे. १९६९ साली तिथे सेनेटर एडवर्ड ब्रुक प्रमुख पाहुणे होते. मुलींनी आग्रह धरला, की आमच्यातलीही एक बोलेल. महाविद्यालयाच्या इतिहासात तोवर असे झाले नव्हते. अधिकाऱ्यांनी शेवटी मान्य केले. ब्रुक यांचे भाषण झाल्यावर ती मुलगी उभी राहिली आणि हातातले लिहिलेले भाषण बाजूला ठेवून तिने आधी सेनेटरांनाच उत्तर दिले. मुलीचे नाव हिलरी रॉडम. पुढे ती हिलरी क्लिंटन झाली.

१९९० साली त्याच वेल्स्लीत बार्बरा बुश यांना बोलावले. दीडशे मुलींनी अर्ज केला. ह्या बाईंची ओळख नवऱ्यामुळे आहे, त्यांनी तर लग्नासाठी शिक्षण अर्धवट सोडले. स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकवणाऱ्या महाविद्यालयाने हा आदर्श का दाखवावा? देशभर गदारोळ झाला. पण बार्बरा बुश रागावल्या नाहीत आणि माघारही घेतली नाही. १ जूनला त्या आल्या, आणि सोबत रायसा गोर्बाचेव्ह यांनाही घेऊन आल्या! भाषणाच्या शेवटी त्या म्हणाल्या, की या श्रोत्यांमध्ये असेही कोणी असेल, जे पुढे माझ्यासारखेच राष्ट्राध्यक्षांचे जोडीदार म्हणून व्हाइट हाउसमध्ये जाईल. त्याला माझ्या शुभेच्छा! 'तिला' नव्हे, 'त्याला'. हशा आणि टाळ्या. अर्ज करणाऱ्यांचा मुद्दा त्यांनी ऐकला होता, हे त्या एका शब्दातून कळले. अर्ज झाला नसता तर ते वाक्यही कदाचित झाले नसते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळा दोष मुलांच्या पदरात टाकणे आम्हा वडीलधाऱ्यांना सोपे जाते. २०१७ साली फ्लोरिडातल्या बेथ्यून-कुकमन या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस आल्या. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या महाविद्यालयांत प्रवेशच नव्हता, म्हणून अशा संस्था निघाल्या. डेव्हॉस यांनी तीनच महिन्यांपूर्वी त्यांचे वर्णन 'शाळा निवडण्याच्या स्वातंत्र्याच्या अग्रदूत' असे केले होते. ज्यांच्या आजोबांना निवडायला काही नव्हतेच, त्या मुलांनी काय करावे? त्यांनी आरडाओरड केली, अनेकांनी पाठ फिरवली. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी भाषण थांबवून दम दिला, की असेच चालले तर पदव्या टपालाने पाठवू. डेव्हॉस यांनी भाषण पुरे केले. पण त्या मुलांना निमंत्रणाआधी कुणी विचारले असते तर?

आणि २०२४ मध्ये तर चक्र उलटे फिरले. गाझातल्या युद्धावरून विद्यापीठे पेटलेली असताना, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने गुणवत्तेवर निवडलेल्या आपल्याच विद्यार्थिनीचे भाषण सुरक्षेचे कारण सांगून रद्द केले आणि पुढे मुख्य समारंभही रद्द केला. मुलांनी पाहुण्याचे तोंड बंद केले तर ती असहिष्णुता आणि संस्थेने मुलीचे केले तर ती सुरक्षा, हा हिशेब कुठल्याही लेजरमध्ये जुळायचा नाही.

आपल्या देशातले एक दृश्य मला या सगळ्यात फार मोलाचे वाटते. तेही २०१४ चेच. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात सप्टेंबरमध्ये पोलीस शिरले, विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि कुलगुरूंच्या राजीनाम्यासाठी मोठे आंदोलन उभे राहिले. २४ डिसेंबरला पदवीदान होते. गीतश्री सरकार ही कलाशाखेची सर्वोत्तम विद्यार्थिनी पदक घ्यायला मंचावर गेली. समोर राज्यपाल केशरीनाथ त्रिपाठी पदक घेऊन उभे. तिने हात जोडले, पदक घेत नाही असे सांगितले आणि खाली उतरली. जानेवारीत कुलगुरू गेले. त्या मुलीने कुणाचे भाषण थांबवले नाही, कुणाची खुर्ची रिकामी केली नाही. जे सोडले ते स्वतःचे, अभ्यास करून मिळवलेले.

आमच्या घरचा समारंभ १८ मे रोजी झाला. राइस यांच्या जागी न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर टॉम केन आले होते. ऊन छान होते, पुतणीच्या कानात आईच्या कुड्या होत्या आणि भावाने शेवटी ती लेन्स डब्यातून काढलीच. दोन वर्षांनी, मे २०१६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ओबामा त्याच विद्यापीठाच्या पदवीदानाला आले. राइस यांची धोरणे आपल्याला पटत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांचे न ऐकण्याने विद्यापीठाचे भले झाले असे मानणे चुकीचे आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या रात्री भावाचा फोन आला. "दादा, ऐकलंस? माझंच म्हणणं!" मागून पुतणीचा आवाज आला, "काका, बोलले ते बरोबरच. पण तेही त्याच माइकवरून बोलले. तिथून उत्तर कुठे देता येतं?"

हा लेख इथेच संपला असता. पण गेल्या वर्षी मला एका महाविद्यालयाने पदवीप्रदान समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले. आता महाविद्यालयांतही हे समारंभ होतात, झगा-टोपीसकट. बँक सोडून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाविषयी कोणाचे काय वाकडे असणार? मी निर्धास्त होतो. लिहून आणलेल्या भाषणाच्या दुसऱ्या पानावर होतो, तोच मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिने वहीचे एक पान उघडून डोक्यावर धरले. अक्षरे मला दिसेनात. दोन शिक्षक धावले. शेजारून प्राचार्य कुजबुजले, "सर, तुम्ही चालू ठेवा." मी चालू ठेवले. वाचत होतो, पण काय वाचतोय ते मलाच कळत नव्हते. मुलीला बाहेर नेले. टाळ्या वाजल्या.

चहाच्या वेळी मी चौकशी केली तेव्हा ती फाटकापाशी झाडाखाली उभी होती. झगा हातावर घडी घालून ठेवलेला. वहीच्या पानावर लिहिले होते, 'वसतिगृहात तीन महिने पाणी नाही'.

"माझ्यावर राग होता का गं?" मी विचारले.

"नाही सर. तुमची कादंबरी वाचलीय मी. पण आम्ही चार अर्ज दिले, कुणी बघितले नाहीत. आज तुम्ही आलात म्हणून संस्थेचे सगळे पदाधिकारी आले होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी भेटले असते?"

मी आत निरोप पाठवला, की माझा चहा फाटकापाशी पाठवा आणि प्राचार्यांनाही इकडेच बोलवा. ते आले. कपबशी हातात घेऊन आम्ही तिघे झाडाखाली उभे राहिलो. मुलगी सांगत होती, प्राचार्य घड्याळ बघत ऐकत होते. पण ऐकत होते. दोन आठवड्यांनी तिचा निरोप आला, की टँकर सुरू झाला आहे.

मोठ्या समाधानाने मी ही हकीगत पुतणीला फोनवर सांगितली. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "छान केलंत, काका. पण माइक तर तुमच्याच हातात होता ना? मग तिला नेत होते तेव्हा थांबून विचारलं का नाहीत, कागदावर काय लिहिलंय म्हणून?"

मी तिला म्हटले, आवाज नीट येत नाहीये, नंतर बोलू. आवाज चांगला येत होता.